छापील चिखल

महाबळेश्वर देसायांचं तरुण पोरांच्या पायांशी वैर होतं. पोरांशी नव्हे, फक्त पायांशी. सुपा धरणाच्या हपीसातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाल्यापासून ते रोज सकाळी काळे चामडी बूट पॉलिश करून रामनगरच्या बस स्टँडवर येत, सिमेंटच्या बाकावर बसत आणि बेळगावच्या गाडीला चढणाऱ्या-उतरणाऱ्या पोरापोरींचे पाय तपासत. पगार बंद झाला होता, तपासायची सवय गेली नव्हती.

कुणाच्या पायात पावाएवढ्या जाड तळाचे पांढरे बूट असत. "काय रे, पूर यायचाय व्हय?" महाबळेश्वर विचारत. कुणाच्या पायात भोकाभोकांची रबरी पायताणं आणि भोकांत खोचलेली प्लास्टिकची बदकं. "पाणी आत यायला भोकं, आन् पाण्यात पवायला बदकं. डोस्कं लावलंय हं बनवणाऱ्यानं." कुणी मोजे घालून त्यावर अंगठ्याची चप्पल घातलेली असे. त्याला ते काहीच बोलत नसत, नुसते कपाळाला हात लावत. बाकावरचे बाकीचे म्हातारे पोट धरून हसत. महाबळेश्वर दुरून दिसले की काही पोरं आधीच पाय बाकाखाली ओढून घेत, आणि ते पाहून महाबळेश्वरांना आपण समाजाच्या काही उपयोगी पडतो आहोत असं वाटे.

अशा माणसाच्या हातून चूक व्हायची तर ती पैशात व्हावी, औषधात व्हावी, पण बुटांत होऊ नये. ती बुटांतच झाली, आणि सख्ख्या थोरल्या भावाच्या मयताला झाली.

थोरले भाऊ नारायण, म्हणजे गावचे नारबा, जोयड्याच्या पुढं केळवाडीत राहत. भातशेती, थोडी सुपारी, चार म्हशी. सकाळी गोठ्यात गेले ते तिथंच बसले आणि संपले. महाबळेश्वर पोचले तेव्हा अंगण भरलं होतं. नारबांचा मुलगा शंकर मडगावला हॉटेलात नोकरीला, तोही तासाभरापूर्वीच पोचलेला. तो तोंडाला टॉवेल लावून बसला होता. नातू सूरज बेळगावात कॉलेजला; तो दारातल्या सापडल्या त्या चपला पायांत सरकवून गुरुदास भटांना आणायला मोटारसायकलवरून गेला होता. करतं-सवरतं माणूस म्हणजे आता महाबळेश्वरच. दादा गेला, आता घरात आपल्यावर कुणी नाही, हा विचार त्यांना अंगणातच पहिल्यांदा शिवला.

केळवाडीत रीत अशी की मयताचं अंथरूण, काठी आणि पायताण घरातल्या वडीलधाऱ्यानं मसणाच्या कडेला नेऊन ठेवायचं आणि मागं न बघता यायचं. तिथं ठेवलेली वस्तू परत घरात येत नाही, कुणी तिला हातही लावत नाही. लक्ष्मी वहिनी आत बायकांत बसल्या होत्या. तिथूनच त्या हुंदका आवरत म्हणाल्या, "भावजी, त्यांचं पायताण तेवढं घ्या हो. इसरू नकासा. वाट काट्याची असतीय म्हंत्यात."

महाबळेश्वर पडवीत आले. उंबऱ्याबाहेर गावाच्या चपलांचा ढीग पडला होता, पण आतल्या बाजूला, बाकड्याखाली, एक जोड वेगळा ठेवलेला होता. कॅनव्हासचे बूट. एके काळी पांढरे असावेत, आता पिवळट. टोकाला कापड फाटून दशा लोंबत होत्या. कडेला ठिगळ होतं, तेही काळ्या दोऱ्यानं, वेडंवाकडं शिवलेलं. तळाला आणि वरही चिखल वाळला होता.

महाबळेश्वरांनी ते उचलले आणि त्यांच्या डोळ्यांसमोर अंधारी आली. आपल्या पायांतले चामडी बूट चकाकत होते. आणि दादा हे घालत होता! स्वतः शिवून, पुन्हा शिवून, कुणाला न सांगता! आपल्या शिक्षणासाठी दादानं शाळा सोडली होती हे त्यांना माहीत होतं, पण इतकी वर्षं ते माहीत असणं नुसतं माहीत असणंच होतं. आता ते हातात आलं. त्यांनी बूट छातीशी धरले आणि लहान पोरासारखे रडले.

एवढ्यावर थांबले असते तर पुढचं रामायण झालं नसतं. पण हेडक्लार्काला निरोपाच्या समारंभात दोन शब्द बोलायची सवय असते. चिता रचून झाली, भटांना यायला वेळ होता, सगळे गप्प उभे होते. महाबळेश्वरांनी एका हातात एक बूट वर धरला आणि बोलायला लागले. "बघा. नीट बघून घ्या. माझ्या दादाचा बूट. ह्या फाटक्या बुटांनी त्यानं घर उभं केलं. भावाला शिकवलं. आन् आजची पोरं? एक जोड मळला की दुसरा! ह्या चिखलात आमच्या घराण्याची इमानदारी हाय." गावच्या गड्यांनी डोळे पुसले. शेजारचा गुणा, जो नारबांशी कुंपणावरून दर पावसाळ्यात भांडायचा, तो तर गळा काढून रडला. नंतर बूट काठीशेजारी ठेवले गेले. सूरज भटांना मसणापाशी उतरवून, मोटारसायकल रस्त्याला लावून मागाहून आला तेव्हा अग्नी दिला जात होता. तो गर्दीच्या मागं उभा राहिला आणि त्याला पुढचं काहीच दिसलं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून झाल्यावर सूरज पडवीत वाकून वाकून बघायला लागला. महाबळेश्वर खुर्चीत बसले होते.

"काय हुडकूलालास?"

"माझे बूट, धाकटे अज्जा. बाकड्याखाली ठेवलेले."

"कसले?"

"पांढरे. कॅनव्हासचे. नवेच हाईत, ह्या महिन्यात घेतलेले."

महाबळेश्वर खुर्चीत ताठ बसले. ते सावध झाले. "नवे म्हंजे पुरे नवे?"

"व्हय. जरा टोकाला फाटलेले. कडंला पॅच हाय."

"नवे, खरं फाटलेले?"

"फॅशन हाय ती. फॅक्टरीतनंच तसे येत्यात."

"आन् काळा दोरा?"

"डिझाइन."

महाबळेश्वरांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले. आता एकच आशा उरली होती. "मग त्यास्नी चिखल लागला हुता तो?"

"तो छापलेलाय," सूरज म्हणाला.

स्टँडवर त्यांनी असले बूट पाहिले नव्हते असं नाही. पाहिले होते, आणि ती पोरं गरिबाघरची असतील असं समजून जीभ आवरली होती. ह्या दयाबुद्धीनंच त्यांचा घात केला. चिखल छापणारा कारखाना असतो, तिथं माणसं पगारावर चिखल काढतात, कुणीतरी तो तपासून पुरेसा झाला की नाही ते बघत असेल, आणि ज्यांच्या आज्या-पणज्या चिखलात रोवणी करता करता वाकून गेल्या त्यांची पोरं तो विकत घेतात. महाबळेश्वरांना हे सगळं बोलायचं होतं. पण आज बोलायची पाळी त्यांची नव्हती. त्यांनी खाली मान घालून काय झालं ते सूरजला सांगितलं.

सूरजचे डोळे भरले आणि तो गोठ्याकडं निघून गेला. बुटासाठी एवढं काय रडायचं, असं महाबळेश्वरांना वाटलं, पण चूक आपली होती. ते बूट परत आणून द्यायचेच, असं त्यांनी ठरवलं.

सल्ला द्यायला गुणा कुंपणावर हजर होताच. "मसणातनं आणलेलं पायताण? छे छे, अण्णा. आणायचं तर तिकडनंच धुवून, गोमूत्र मारून, सात घरच्या उंबऱ्याची माती लावून आणायला लागतंय." सात घरांचे उंबरे कुणी खरवडू देणार नाही हे त्यालाही ठाऊक होतं. गुरुदास भटांना फोन लावावा तर रेंज फक्त मारुतीच्या देवळामागच्या खडकावर. महाबळेश्वर त्या खडकावर चढले. भट सगळं ऐकून म्हणाले, "चामड्याचं असतं तर काहीतरी सांगता आलं असतं. रबराबद्दल शास्त्रात काही नाही हो. तुम्ही बघा तुम्हाला योग्य वाटेल ते." आणि रेंज गेली.

महाबळेश्वर मसणात गेले. अंथरूण होतं, काठी होती, बूट नव्हते. चौकशी करता कळलं की वनखात्याचा गार्ड नागेश सकाळी फिरतीवर आला होता आणि रबर म्हणून बूट उचलून चौकीवर घेऊन गेला. जंगलात प्लास्टिक आणि रबर टाकायला बंदी आहे, आणि केळवाडीचं मसण जंगलाच्या हद्दीत आहे. गावाला हे सोयीचं नसलं तरी मेलेल्यांनी कधी तक्रार केली नव्हती.

चौकीत नागेश जेवत होता. बूट खिडकीत वाळत ठेवल्यासारखे ठेवले होते. "देतो की, सर," तो म्हणाला. "खरं हे कुणाचं ते सांगा. जित्या मानसाचं असंल तर जंगलात कचरा टाकला म्हून केस. मयताचं असंल तर रीत म्हून सोडतो. तसा साहेबांचा हुकूम हाय."

महाबळेश्वरांच्या डोक्यातला हेडक्लार्क जागा झाला. सूरजच्या नावानं केस? परीक्षा तोंडावर, पुढं नोकरी, पोलीस चौकशी होते, एक ओळ आयुष्यभर चिकटून राहते. त्यांनी घसा साफ केला. "मयताचे."

"तुम्ही कोण?"

"मयताचा धाकटा भाऊ."

"आन् रीत म्हून तिथं ठेवलेलं परत न्यायचं कशाला?"

आयुष्यभर लोकांच्या अर्जांवर त्यांनी हा असलाच प्रश्न मारला होता. कुणी आपल्यालाही विचारील असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. "आठवण म्हणून," ते म्हणाले. नागेशनं ताटावरून उठून हात धुतला, आदरानं बूट त्यांच्या हातात दिले आणि संध्याकाळी केळवाडीच्या दुकानात चहा पिताना सगळी हकीकत सगळ्यांना सांगितली. भावाचं प्रेम म्हणजे काय ते बघा, असं त्याला सांगायचं होतं. लोकांनी मात्र ऐकलं ते एवढंच की नारबांचं पायताण मसणातून घरात परत आलं.

दुसऱ्या दिवशी सूरज तेच बूट घालून दुकानात गेला. रस्त्यावर खेळणारी पोरं आयांनी आत ओढली. दुकानदारानं त्याला साखर दिली पण हातात दिली नाही, फळीवर ठेवली. एका म्हातारीनं सूरजकडं न बघता त्याच्या पायांना नमस्कार केला, आणि "नारबा, पोराला सोड, बाबा," म्हणाली. त्यानंतर गुणाच्या बायकोला परसात चालल्याचा आवाज यायला लागला, एका घरी म्हैस दूध देईना, आणि कुणाच्या तरी मिक्सरचं पातं तुटलं तेही नारबांच्याच खात्यात गेलं.

महाबळेश्वर घरोघर फिरले. "ते बूट सूरजचेच हाईत. नवे हाईत. माझी चूक झाली," ते सांगत. लोक त्यांना बसायला पाट देत, कोकमाचं सरबत देत आणि त्यांचा एक शब्दही खरा मानत नसत. "नातवावर माया हाय हो तुमची," गुणा म्हणाला, "खरं शिकलेलं पोरगं, बेळगावात राहतंय, ते फाटकं पायताण नवं म्हून इकत घील? तुमच्या घरातलं पोरगं इतकं खुळं असंल, असं आमी तरी म्हणनार न्हाई." आमच्या घरातलं पोरगं इतकंच खुळं आहे, असं छातीठोक सांगत फिरायची पाळी एका निवृत्त हेडक्लार्कावर आली होती, आणि गाव त्याला तो मानही मिळू देत नव्हतं.

शेवटी पुरावा म्हणून नारबांचे खरे बूट हवेत, असं त्यांना सुचलं. वहिनींनी खाटेखालून एक जोड काढून दिला. पांढराशुभ्र कॅनव्हास, धुतलेला, खडू लावलेला, नाड्या सरळ. महाबळेश्वर तो घेऊन तडक अंगणात आले आणि जमलेल्यांसमोर दोन्ही जोड शेजारी शेजारी ठेवले. "आता बोला."

लोकांनी वाकून बघितलं. गुणानं पांढऱ्यातला एक बूट उचलून आत डोकावलं आणि सगळ्यांच्या वतीनं निकाल दिला. "हे नवंकोरं हाय, ते सूरजचं. हे फाटकं, ते नारबाचं. ह्यात इचारायचं काय? आन् तुमीच सांगिटलासा की, अण्णा, चितंपाशी. आमी सगळे रडलोय त्या बुटांपायी. आता ते रडणं कुठं टाकायचं?"

महाबळेश्वर पांढरे बूट घेऊन आत आले. वहिनी भिंतीला टेकून बसल्या होत्या. त्यांनी बूट आपल्याकडं घेतले आणि पदरानं पुसले.

"फाटकं त्यांनी कंदी घातलं न्हाई, भावजी," त्या म्हणाल्या. "शेतात अनवाणी. बाजारला, उळवीच्या जत्रंला हे. आल्या आल्या धुवायचं, खडू लावायचा. माजं लुगडं मळलं तर चालंल, ह्यास्नी डाग लागलेला चालायचा न्हाई. तुमास्नी ठावं न्हाई व्हय?"

त्यांना ठाऊक नव्हतं. रस्त्यावरच्या परक्या पोरांचे पाय ते रोज बघत होते आणि भावाच्या पायांत काय असतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं. त्यांना वाईट वाटलं. अगदी साधं, खोल वाईट. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

दहावा दिवस उजाडला. ओढ्याच्या काठावर गुरुदास भटांनी भाताचा पिंड ठेवला, शंकरनं पाणी सोडलं आणि सगळे मागं सरून कावळ्याची वाट बघायला लागले. केळवाडीच्या रानात हवे ते पक्षी आहेत, लांब चोचीचे धनेश बघायला शहरातून लोक गाड्या करून येतात, पण कावळा हवा तेव्हा कावळाच नसतो. एक आला. जांभळीवर बसला. पिंडाकडं बघितलं आणि मान दुसरीकडं फिरवली.

"इच्छा राहिलीय," कुणीतरी कुजबुजलं.

मग वचनं सुरू झाली. शंकर हात जोडून म्हणाला, आईला मी अंतर देणार नाही, बाबा. कावळा हलला नाही. म्हशी विकणार नाही. तरीही नाही. एक भाचा म्हणाला, मामा, मी दारू सोडतो. कावळ्यानं पंखाखाली चोच घातली. ऊन चढत होतं, पोटात काही नव्हतं, आणि कावळा येत नाही असं बघून लोकांना जरा धीर आला होता. आता काहीही बोललं तरी अंगाशी येणार नाही, असं एकेकाला वाटायला लागलं. गुणा पुढं झाला आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "नारबा, कुंपण मी मागं घेतो. तुज्या हद्दीवर घेतो. झालं?" कावळा तिथंच. गुणा समाधानानं मागं आला.

मग सगळ्यांच्या नजरा हळूहळू खाली आल्या आणि सूरजच्या पायांवर थांबल्या. तो ते बूट घालूनच आला होता. सगळ्यांनी सांगूनही आला होता.

"काढ," गुणा म्हणाला. "आज्ज्याचं पायताण नातवाच्या पायात. कसा शिवंल कावळा?"

"माझे हाईत."

"काढ म्हनतोय न्हवं!"

दोघंतिघं पुढं सरकले. शंकर बापाच्या पिंडासमोर उभा, त्याला मागं वळता येईना. सूरज रडत रडत ओरडला, "माझे हाईत! अज्जानं घेऊन दिलेत मला!"

महाबळेश्वर मध्ये पडले. लोकांना त्यांनी हातानं मागं सारलं. तिसऱ्या दिवशी सूरज गोठ्याकडं का निघून गेला होता, ते त्यांना आता कळलं. इतका वेळ सगळे वचनं देत होते आणि त्यांना एकही सुचलं नव्हतं, कारण दादाला काय हवं असेल हेच त्यांना ठाऊक नव्हतं. पोराला ठाऊक असेल.

"सूरज," ते हळू आवाजात म्हणाले, "दादाला काय पायजे हुतं रे? तुला काय बोललेला?"

सूरजनं बाहीनं नाक पुसलं. "डोळे दाखवायला बेळगावला आलते. तवा दुकानात गेलो. आदी शिव्या घातल्या. फाटकं घेतोस, चिखल इकत घेतोस, म्हणाले. मग म्हणाले, मला बघू दे घालून."

"दादा?"

"व्हय. धोतर वर धरून आरशासमोर चालले. परत चालले. दुकानदार म्हणाला, अज्जा, बाकीच्या गिऱ्हाइकांना आरसा द्या. तर म्हणाले, थांब रे, पायाला कापसावर चालल्यागत वाटूलालंय. धुवायला नको, खडू नको, मळलं तरी कुणाला कळणार न्हाई. मी म्हटलं, अज्जा, घेऊया तुमास्नी पण एक. मापाचा होता." सूरज थांबला. "न्हाई म्हणाले. म्हणाले, रामनगरात महाबळू बसलेला असतोय स्टँडवर. हसंल. आन् काढून ठेवले. मला तेवढे घेऊन दिले."

ओढ्याचं पाणी तेवढं वाजत होतं.

महाबळेश्वरांना दादा दिसला. बेळगावच्या दुकानातल्या दिव्यांखाली, धोतराचा सोगा एका हातात, खाली ते थोराड बूट, आरशात मान वाकडी करून मागूनसुद्धा कसे दिसतात ते बघणारा. जन्मभर खऱ्या चिखलात उभा राहिलेला माणूस, छापलेल्या चिखलावर खूश होऊन, दुकानदाराला थांब रे म्हणणारा. आणि महाबळेश्वरांना हसू आलं. त्यांनी ते दाबलं. ते खांद्यांतून बाहेर पडलं, मग नाकातून, आणि मग ते भावाच्या पिंडासमोर, सगळ्या गावादेखत, मोठमोठ्यानं हसायला लागले. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, श्वास पुरत नव्हता, चष्मा हातात आला होता, तरी हसू थांबेना. शंकर घाबरून त्यांच्याकडं धावला. गुणानं कानांवर हात ठेवले.

तेवढ्यात पंखांचा आवाज झाला आणि गुरुदास भट ओरडले, "शिवला! शिवला हो!"

चष्मा डोळ्यांवर येईपर्यंत पिंडातला घास गेला होता आणि जांभळीची फांदी हलत होती. बायका मोठ्यानं रडल्या, पुरुषांनी हात जोडले. मग जो तो आपलं काय बोलून बसलो होतो ते आठवायला लागला. शंकर म्हणाला माझ्या बोलण्याला आला. दारूवाला भाचा पांढरा पडला होता. आणि गुणा, कावळा कुंपणाला आलेला नव्हताच, तो बराच आधी बोलला होता, मधी केवढा येळ गेला, हे भटांना पटवून देत होता. भट म्हणाले, देवाच्या दारात वेळ असाच लागतो.

लोक आंघोळीला पाण्याकडं वळले. सूरजनं खाली बसून नाड्या सोडल्या.

"घाल पायात," महाबळेश्वर म्हणाले. "कोण बोलतंय बघतो मी."

"नको, धाकटे अज्जा. त्यास्नीच हवे हुते." त्यानं बूट काठाच्या दगडावर नीट शेजारी शेजारी ठेवले. नागेश गार्ड ते उद्या उचलून नेणार हे दोघांनाही माहीत होतं. मग तो अनवाणी, खड्यांवरून पाय उचलत बापाकडं गेला.

महाबळेश्वर तिथंच बसून राहिले. कावळा कुणाच्या वचनाला आला यावर खाली पाण्यात वाद चालला होता, तो त्यांना ऐकू येत होता. खाली जाऊन खरं काय ते सांगता आलं असतं. पण त्यात सांगायचं काय, तर दादानं जन्मात एकदाच हौस केली असती आणि ती आपल्या हसण्याला भिऊन केली नाही. आपण वाईट हसत नव्हतो रे, एवढंच त्यांना म्हणायचं होतं, आणि ते ज्याला म्हणायचं तो घरात त्यांच्यापेक्षा मोठा असलेला शेवटचा माणूस होता.